दोघांचा धोटा

(सुरतजवळचं कडोदरा, १९९६. लूमच्या कारखान्याच्या फाटकासमोर चहाची लारी. सकाळचे पावणेसात.)

रघुनाथ: जवळ नको बसू. त्या अंगाला बस.

हिलाल: का भो? आठ दिवस गायब, अन् आल्या आल्या दूर बसवतो?

रघुनाथ: टीबी निघालाय.

हिलाल: कोणाला?

रघुनाथ: मला. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला. दोन्ही डाव तेच आलं. गोळ्या चालू झाल्यात.

हिलाल: चहा सांगू?

रघुनाथ: सांग. कप मी घरून आणलाय.

हिलाल: हं.

रघुनाथ: तिथं एक तपासणारी पोरगी हाय. लई बारीक विचारती. काम काय करता? म्हणलं, लूम चालवतो. कसं, दाखवा. आता तिथं धोटा कुठला? तिच्या पेनाचं टोपण घेतलं, तोंडाला लावलं अन् धोट्यात सुताची नवी कांडी घातली की भोकातनं श्वासानं सूत ओढतो, तसं केलं.

हिलाल: मग?

रघुनाथ: टोपण परत घेतलं नाही तिनं.

हिलाल: शहाणी आहे.

रघुनाथ: म्हणली, दिवसातनं कितीदा? आपण कधी मोजलंय का? तिनंच मांडलं. कांडी सात मिनटात संपती, मशीनं चार, पाळी बारा तासांची. चारशेच्या वर. मग विचारलं, दुसऱ्या पाळीला तोच धोटा कोण तोंडाला लावतं?

हिलाल: मी.

रघुनाथ: तुझं नाव दिलंय. अकरा वर्षं दोघांचा एकच धोटा, म्हणून सांगितलं.

हिलाल: मला खोकला नाही.

रघुनाथ: तरी जा. ती म्हणली, खोकल्यातनं, हवेतनं जास्त लागतो. खिडक्या उघड्या असतात का? म्हणलं, नाही बाई, वाऱ्यानं सूत तुटतं.

हिलाल: दोन वर्षांमागे सुरतेत प्लेग आला तेव्हा शेठनं फडकी वाटली होती ना तोंडाला.

रघुनाथ: वाटली की. सूत ओढायला फडकं खाली, ओढलं की वर. दिवसभर. किती हसलो होतो आपण.

हिलाल: तू हसत होता. मी मोजत होतो पाळी कधी सुटते.

रघुनाथ: हे घे. छत्रीच्या काडीचे दोन आकडे केलेत. भोकातनं घालायचा, सूत अडकवायचं, ओढायचं. तोंड लावायचं नाही. जरा येळ लागतो.

हिलाल: मुकादम बोंबलेल.

रघुनाथ: बोंबलू दे. एक तुला. एक माझ्या जागेवर लावला असंल त्याला. कोण लावलाय?

हिलाल: चहा गार होऊन राहिला तुझा.

रघुनाथ: हिलाल, कोण हाय?

हिलाल: मुकादम म्हणाला, तू गावी गेला. जागा दुसऱ्याला जाईल. तिकडे गावची कापसाची जिनिंग बंद पडली, आमचे जावई घरीच बसून होते.

रघुनाथ: योगेशराव?

हिलाल: सहा रात्री झाल्या.

रघुनाथ: तुझ्या पोरीला, वर्षाला, कितवा महिना चालूय?

हिलाल: सहावा. एकाच खोलीत आहोत सगळे.

रघुनाथ: सूत ओढायला कोणी शिकवलं त्यांना?

हिलाल: कोण शिकवेल? जावयाला धोटा तोंडाला लावा म्हणायची लाज वाटे. पण जमेचना त्यांना. रोज सकाळी चेहरा उतरलेला. मग परवा मी ओढून दाखवलं अन् तोच त्यांच्या हातात दिला.

रघुनाथ: धोटा कोणता?

हिलाल: तुझा. हलका आहे ना तो.

रघुनाथ: पाळी सुटली. आकडा आत्ताच दे त्यांना. अन् दोघंबी दवाखान्यात जा. वर्षालाबी ने.

हिलाल: हां.

रघुनाथ: ते बघ, दारात आलेत. तोंडाशी हात नेऊन काय सांगायलेत?

हिलाल: जमलं, म्हणून राहिले. रात्रभर, एका ओढीत.