पोथीतला इलेक्ट्रॉन

न्हाई, तुमीच सांगा, पोथीत कधी इलेक्ट्रॉन असतो का? राजा असतो, राणी असती, एखादा राक्षस असतो, शाप असतो, उःशाप असतो... इलेक्ट्रॉन कुठून आला? माणूस दुपारी दोन वाजता मारुतीच्या देवळात कशाला जातो? चार ओव्या कानावर पडाव्यात, खांबाला पाठ टेकून डोळा लागला तर लागावा, अन् उठताना अर्धा कप चहा मिळावा. जास्तीचं काय मागितलं का म्या? अन् येरमाळ्यापासनं दोन कोसावरच्या आमच्या गावात, ह्या चातुर्मासात, म्या काय ऐकलं? क्वांटम मेकॅनिक्स. रोज. तेबी बिनचहाचं.

तुम्हाला सांगतो, आमच्या पोथीची एक रीत हाय. दोन माणसं लागतात, वाचक अन् सूचक. वाचकानं ओवी वाचायची, सूचकानं तिचा अर्थ साध्या बोलीत उलगडून सांगायचा, अन् बसलेल्यांना पटला तर त्यांनी 'हूंऽ' म्हणायचं. हुंकार आला की पुढची ओवी. न्हाई आला तर फिरून अर्थ सांगा. आता सूचक कोण, तर आमचा बब्रुवान. बावीस वरसं झाली. कसली बी ओवी टाका, बब्रुवान मिशीवरनं हात फिरवणार, डोळे मिटणार, 'म्हंजे काय?' असं स्वतःलाच विचारणार अन् सुरू होणार. 'माहीत न्हाई' हा शब्द त्याच्या तोंडातनं बावीस वरसात निघाला न्हाई. पार भूमकडनं बोलावणं येतंय त्याला. त्या एका 'म्हंजे काय'वर गड्याची सगळी इज्जत उभी हाय.

वाचक होता शांतलिंग. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, वाचायचं बंद. मग वाचायला कुणाला बसवलं, तर बब्रुवानच्या पोरीला, हर्षालीला. ती घरीच होती. आता कॉलेजात जाणारी पोर घरी कशी, म्हणाल... तर तिथंच सगळी मेख हाय.

पोरगी फिजिक्सवाली, बी.एस्सी.चं शेवटचं वरीस. लेखी पेपर समदे निघाले. क्वांटम मेकॅनिक्सवर एक प्रोजेक्ट केलेला, त्याची उन्हाळ्यात तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे सर आलेले. ते म्हणले, मांड फळ्यावर. हिनं मांडलं. फळा भरला, कडंला जागा उरली न्हाई इतकं मांडलं. सरांनी सगळं बघितलं, मान हलवली अन् म्हणले, "छान. म्हणजे काय?"

झालं. पोरीची वाचाच बसली. दहा मिनिटं खडू हातात घेऊन उभी. सर चांगले होते म्हणं, पाणी दिलं, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. नापास. आता तोंडी निघाल्याबिगर डिग्री न्हाई, अन् डिग्रीबिगर एम.एस्सी. न्हाई. दिवाळीनंतर आणखी एक बारी होती, पण ही म्हणली, मी जाणारच न्हाई. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घातली अन् पेटीवर ज्वारीचं पोतं ठिवलं.

नापास झाली ह्याचं बब्रुवानला कायबी वाटलं न्हाई हो, तो स्वतः दहावीला तीन बाऱ्या बसलेला. पण अडकली कशात? 'म्हंजे काय'त! सूचकाची पोर! गावाला पाणी हुडकून देणाऱ्या पाणाड्याच्या घरची हीर कोरडी निघाली. चार दिवस ह्याला जेवण गोड लागंना. एक दिवस देवळाच्या पायरीवर मला म्हणला, "गोरोबा, गावाला अर्थ सांगत हिंडलो, अन् घरात शिकवायचा राहिला बग." त्याचा आवाज असा बारीक झालेला म्या कधी ऐकला नव्हता. मला लई वाईट वाटलं. म्या म्हणलं, मग आता शिकव की, त्यात काय एवढं? तिथंच चुकलं माझं. तिथंच चहा गेला.

दुसऱ्या दिवशी बगतो तर पोथीच्या शेजारी चौरंगावर आणखी एक गाठोडं. लाल फडकं, वर हळदीकुंकू, अन् आत ह्या एवढं जाड इंग्रजी पुस्तक. पोतं बाजूला सारून ह्यानं पेटी उघडलेली. म्हणला, रोज अध्यायाच्या आधी ह्यातल्या चार ओळी वाचायच्या. अर्थ लागल्याशिवाय कुणी उठायचं न्हाई.

हर्षालीनं मान खाली घालून पहिली ओळ वाचली. समदी इंग्रजी. अन् सवयीनं आमी समदे बब्रुवानकडं बगायलो. अन् सवयच ती, ह्याचा बी हात मिशीवर गेला, डोळे मिटले. "म्हंजे काय? तर वेव्ह म्हंजे लाट. ही लाट मायेची. अन् इलेक्ट्रॉन म्हंजे जीव, तो त्या लाटेवर गटांगळ्या खायलाय..." काय गोड अर्थ हो! म्या तर हुंकार देऊन मोकळा झालो. चहाचा वास सुदिक आला मला.

तेवढ्यात हर्षाली हळूच म्हणली, "न्हाई अण्णा. तसं न्हाई ते."

बावीस वरसात त्या देवळात सूचकाला कुणी 'न्हाई' म्हणलं नव्हतं. शांतलिंगनं काळा चष्मा काढला. बब्रुवानचे कान लाल झाले. म्या मनात म्हणलं, उठतोय आता हा, अन् पोरीचं शिक्षण बी उठतंय. पण ह्यानं मिशीवरचा हात खाली घेतला, मांडीवर ठिवला अन् म्हणला, "मग तू सांग."

ती चाचरत म्हणली, लाट म्हंजे इलेक्ट्रॉन न्हाई, तो कुठं सापडंल ह्याची शक्यता किती, ते त्या लाटेवरनं काढायचं. अन् मागनं आवाज आला, "म्हंजे काय?"

कोण? मथुराबाई. आता ही मथुराबाई कोण, तर जिच्या घरनं चहा येतो ती! सत्तरीची बाई, दात तीन, पण कान असा की उंदीर पळाला तर कुठल्या कणगीत गेला ते सांगंल. अन् तिची अट अशी की तिचा हुंकार आल्याशिवाय किटली चुलीवर चढायची न्हाई. हर्षालीनं फिरून सांगितलं. "म्हंजे काय?" आणखी सांगितलं. "म्हंजे काय?" पाच वाजले. पोथीतला राजा वनवासाला निघालेला, तो तसाच वेशीत उभा. अन् आमी कोरडे.

मग आला डबा. एक डबा हाय, त्यात इलेक्ट्रॉन कोंडलाय, भिंती इतक्या उंच की बाहेर निघायची सोय न्हाई. अन् सगळ्यात खालच्या पायरीवर आणून बसवला तरी त्याची ऊर्जा शून्य होत न्हाई, तो गप बसतच न्हाई. मथुराबाई म्हणली, म्हंजे काय? तुम्हाला सांगतो, पाच दिवस! पाच दिवस ही बाई हललीच न्हाई. हर्षाली देवळाच्या फरशीवर खडूनं गणितं लिहायली, बाई त्यावर पाय पसरून बसायली. सहाव्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली, खडू टाकला, बाहेर अंगणात बगत राहिली, अन् एकाएकी वळली.

"काकू, तुमची कोंबडी डालग्याखाली झाकली तर गप बसती का?"

"कशाची बसती. फडफड करती."

"अन् डालगं लहान असलं तर?"

"मग तर जास्तच करती."

"तसंच हाय काकू. डबा जेवढा लहान, तेवढी ह्याची फडफड जास्त."

मथुराबाईनं पाय जवळ घेतले, क्षणभर इचार केला, अन् म्हणली, "हूंऽऽ." आहाहा! जन्मात इतका गोड हुंकार म्या ऐकला न्हाई. चहा संध्याकाळी सहाला आला, पण आला.

तिथनं जी पोरगी सुटली! दोन क्रिया आधी ही मग ती केली तर एक उत्तर, उलट्या केल्या तर दुसरं. म्हंजे काय? म्हंजे आधी भाकरी भाजायची अन् मग थापायची म्हणलं तर जमंल का? बाया खो खो हसल्या अन् हुंकार दिला. इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणून काय तरी असतंय, त्याला एक फेरा फिरवला तर तो मूळ अवस्थेत येत न्हाई, दोन फिरवावे लागतात. म्हंजे काय? शांतलिंग उठला, काळ्या चष्म्यानिशी मारुतीला दोन प्रदक्षिणा घातल्या अन् म्हणला, मला तर एकातच मूळ जागी आल्यासारखं वाटायलंय. हर्षाली म्हणली, "तुमी इलेक्ट्रॉन न्हाईत, काका." दुपारी पत्ते खेळणारे लोक डाव टाकून यायले हो! अन् बब्रुवान? नुसता बगत बसायचा. मधूनच हात मिशीकडं जायचा, अर्ध्यातनं परत यायचा. डोळ्यात पाणी यायचं, म्हणायचा, उदबत्तीचा धूर लई झालाय. उदबत्ती कवाच इझलेली असायची.

दिवाळी झाली, परीक्षेचा दिस आला. तालुक्याच्या कॉलेजात बब्रुवान, मथुराबाई अन् मी, तिघं एसटीनं गेलो. मला न्यायचं काय काम होतं? पण मथुराबाई म्हणली, हुंकाराला माणूस कमी नको. खोलीच्या बाहेर बाकड्यावर बसलो, वर खिडकी उघडी. आत तेच सर! फळ्यावर खडू वाजायला. करकर, करकर... मग थांबला. अन् सर म्हणले, "छान. म्हणजे काय?"

आमी तिघांनी माना वर केल्या.

बब्रुवाननं माझं मनगट धरलं, अजून वळ हाय. एक मिनिट गेलं. पोरगी बोलंना. अन् मग काय झालं, बब्रुवानच्या तोंडातनं निघून गेलं. ठरवून न्हाई, बावीस वरसाची सवय, वाचक अडला की त्याला धीर द्यायची. "हूंऽऽऽ..." लांबलचक. त्याच्यामागं मथुराबाईचा. मग म्या बी दिला, म्हणलं आता फजिती व्हायचीच तर पुरती होऊ दे.

सर दचकले. "कोण आहे बाहेर?"

"आमच्या पोथीतले आहेत, सर," हर्षाली म्हणली, अन् तिच्या आवाजात हसू होतं बगा. "सर, कोंबडी डालग्याखाली झाकली तर..."

पाऊण तास! सरांचं 'म्हणजे काय' संपंना, हिचं सांगणं संपंना. शेवटी सर म्हणले, "बरं, बघितल्यावर तो इथं सापडला. पण बघायच्या आधी नेमका कुठं होता?"

हर्षाली म्हणली, "माहीत नाही, सर."

बब्रुवाननं कपाळावर हात मारून घेतला.

"कुणालाच माहीत नाही, सर. मोठमोठी माणसं ह्यावर अजून भांडतात. पण गणित पुढं न्यायचं. उत्तर बरोबर येतं."

सर खळखळून हसले. म्हणले, "मी तीस वर्षं शिकवतोय, मलाही माहीत नाही. पास." मथुराबाई खिडकीतनं म्हणली, "म्हंजे काय?" म्या म्हणलं, म्हंजे पास, मथुराबाई, चला! येताना एसटीत बब्रुवाननं अनोळखी माणसांना पेढे वाटले, कंडक्टरला दोन दिले, अन् खिडकीकडं तोंड करून पार येरमाळ्यापर्यंत रडला. मी बी रडलो. कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोथी. कार्तिकी होऊन गेली तरी अर्धी राहिलेली, इलेक्ट्रॉननंच खाल्ली की. हर्षालीनं ओवी वाचली. बब्रुवाननं मिशीवरनं हात फिरवला, डोळे मिटले... अन् उघडले. हलक्या आवाजात म्हणला, "ह्या ओवीचा अर्थ मला माहीत न्हाई. बावीस वरसं झालं, आपल्या मनचाच सांगायलोय. पुढं वाच."

म्या म्हणलं, आता सूचकीची इज्जत गेली. तर मथुराबाईनं असा हुंकार दिला, असा दिला, की मारुतीच्या घंटेला सुदिक ऐकू गेला असंल. अन् माणूस इतका मोकळा हसला हो, डोक्यावरचं गाठोडं उतरल्यासारखा.

चांगलं झालं, लई चांगलं झालं. पण त्या दिवसापासनं गावाला नाद लागला. राजा वेशीतनं हलंना. एका ओवीला धा जण विचारायलेत 'म्हंजे काय', अन् बब्रुवान आनंदानं म्हणायलाय 'माहीत न्हाई'. काल न राहवून म्या मथुराबाईला विचारलं, म्हणलं बाई, हे समदं असू द्या, चहा कधी हाय?

मथुराबाई म्हणली, "माहीत न्हाई, गोरोबा. पुढं ऐक."