पेटीच्या पोटातली गादी

लेक : काल संध्याकाळी ही स्पीकरची पेटी खणखणीत बोलत होती, बाबा. आज ऐका. हे बघा, गिटारची तीच तार छेडते. ऐकलंत? उशीत तोंड खुपसून कुणीतरी रडतंय असं वाटतं.

बाबा : मला तर छान वाटतंय. मऊ. कानाला कुठं टोचत नाही.

लेक : गिटारच्या स्पीकरला मऊ म्हणणं म्हणजे सुरीला मऊ म्हणणं झालं. अँप तोच, स्पीकर तोच, वायर तपासली, गिटार तपासली. एका रात्रीत हिला झालं काय?

बाबा : तूच ना काल जेवताना म्हणालीस, रिकाम्या डब्यात कुणी बोलावं तशी वाजतेय म्हणून?

लेक : म्हणाले, एका स्वरापुरतं. मग?

बाबा : मग काही नाही.

लेक : बाबा, तुम्ही असं 'काही नाही' म्हणालात की काहीतरी नक्की असतं. मघाशी मी बोल्ट आणायला गेले होते, तेवढ्यात काय केलंत?

बाबा : काय करणार? रिकामी होती, भरली.

लेक : भरली म्हणजे?

बाबा : आपला उत्तम माल घातला हो! तळाला काथ्या, त्यावर पिंजलेला कापूस, चारी अंगांना फोमचे दोन-दोन थर. डॉक्टरीणबाईंच्या दिवाणाला वापरला ना, तोच फोम. कोपरे हातानं दाबून बसवलेत. बोट शिरायचं नाही आत. जन्मभर सोफे केले मी, माझ्या एका सोफ्याच्या पोटात कुणाला पोकळी दाखवता येणार नाही.

लेक : अहो, सोफ्यावर माणसं बसतात! ह्यावर कोण बसणार आहे?

बाबा : मोकळी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू?

लेक : स्पीकरचा कागद पुढं हलतो तसाच मागंही हलतो, बाबा. मागचा आवाज पेटीच्या पोटात फिरतो, फळ्यांना हलवतो. गिटारचा निम्मा रंग तिथं तयार होतो. तुमच्या गादीनं तो सगळा गिळून टाकला. आणि गिटारवाल्या बाई आज ऐकायला येणार. आज!

बाबा : येऊ दे की.

लेक : येऊ दे? आधीच्या दोन पेट्या त्यांनी परत पाठवल्यात. तुम्हीच म्हणालात, बाईंनी तिसरी ठेवली तर हा दुकानाचा गाळा तुझा, पेट्या कर, नाहीतर काय हवं ते कर. परत आली तर गाळा भाड्यानं देऊन मोकळा होणार. म्हणालात की नाही?

बाबा : माझे गुडघे आता साथ देत नाहीत. शटर ओढायचं म्हटलं तरी कमरेत उसण भरते. कुठवर रेटणार मी?

लेक : मग सरळ सांगायचं होतं, गाळा द्यायचाच आहे म्हणून. पेटीचा गळा कशाला दाबलात?

बाबा : काय म्हणालीस?

लेक : काही नाही.

बाबा : नाही, बोललीस ते बोललीस. मी तुझी पेटी बुडवीन? मी? काल तू चेहरा पाडून ताटावरून उठलीस, मला घास गिळवेना. म्हटलं, पोरीला जे येत नाही ते आपल्याला येतं, भरणं. बाईंनी ठेवावी म्हणून भरली गं. तो फोम मी गिऱ्हाइकालाही हात आखडता घेऊन देतो.

बाई : दार उघडंच होतं म्हणून आत आले. तालीम लवकर आटोपली. तुमचं भांडण पार रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. पेटी मात्र ऐकू येत नाही.

लेक : बाई! या ना, बसा. बसा म्हणजे... त्या सोफ्यावर नको, त्याचा एक पाय निघालाय. हे स्टूल घ्या. पेटी अजून... जरा काम बाकी आहे.

बाई : उद्या संध्याकाळी मैफलीला हॉलमध्ये माझ्यामागं ड्रम असणार, बाजूला बेस. गेल्या खेपेला माझा आवाज तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत मरून गेला. साठीला आलेली बाई गिटार घेऊन उभी राहिली की लोक आधी कौतुकानं टाळ्या वाजवतात. मला त्या नकोत. मला लोकांनी ऐकायला हवंय. आहे तशी वाजवून दाखव.

लेक : आहे तशी नको, बाई.

बाई : माझी गिटार लाव. हं. अरे देवा. ही पेटी आजारी आहे का?

बाबा : पोट भरलंय तिचं. मीच भरलं. तिचा काही दोष नाही यात, माझा आहे.

बाई : तुम्ही सोफेवाले. लक्षात आलं.

लेक : बाबा, पाठीचे स्क्रू काढायला घ्या. सगळं बाहेर.

बाबा : सगळं? निदान एक थर ठेवू ना.

लेक : सगळं.

बाबा : तळाचा काथ्या तरी...

लेक : बाबा!

बाबा : बरं बरं. हा घे कापूस. हा फोम. हा आणखी फोम. हा कोपऱ्यातला, हा ओढावा लागेल, हट्टानं बसवलाय.

बाई : एका पेटीतून दोन माणसांचं अंथरूण निघालं की हो!

लेक : पाठ पुन्हा लावा. उघड्या पाठीनं ऐकून काही कळायचं नाही, सगळे स्क्रू हवेत. हं, आता वाजवा, बाई.

बाई : जिवंत झाली. पण हा स्वर ऐक. हा. बाकी सगळे नीट बोलतात, हा एकटा नाकातून येतो. दुसऱ्या पेटीत काय होत होतं, आठवतंय ना? विहिरीच्या तळाशी बसून वाजवतेय असं वाटायचं. हे त्याच घराण्यातलं.

लेक : हेच. काल हेच होत होतं. आकार बदलला, प्लाय जाड घेतला, तरी हा एक स्वर पिच्छा सोडत नाही. झालं म्हणजे. ही पण परत.

बाबा : म्हणजे भरायला हवं होतंच! मी काही अगदीच वेड्यासारखं केलं नव्हतं.

लेक : आता तुम्हाला जिंकायचंय का, बाबा?

बाबा : मला नाही, तुला जिंकायचंय. रडायला नंतर पुष्कळ वेळ आहे. डोकं चालव. आत फोम होता तेव्हा हा नाकातला स्वर होता का?

लेक : नव्हता. पण दुसरं काहीच नव्हतं.

बाबा : मग थोडा घालू. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना एक-एक थर. पातळ. तुला विचारून घालतोय, बरं का.

लेक : घाला. स्टेपल दोन-दोनच मारा, काढावे लागतील.

बाई : चहा मिळेल का इथं कुठं?

बाबा : थर्मासमध्ये आहे. बिनसाखरेचा, माझ्यामुळं. घ्या तुमचं तुम्ही, माझे हात गुंतलेत. झालं. लावली पाठ. वाजवा.

बाई : नाकातलं कमी झालं. पण धार गेली. आधी तार छेडली की छातीवर येऊन बसत होती, आता दारातूनच परत जाते.

बाबा : थांबा, वाजवत राहा. बघ, पोरी, इथं हात ठेव. बाजूच्या फळीवर. मघाशी रिकामी असताना ही तळहाताखाली थरथरत होती. आता गप्प पडलीय. स्प्रिंग बसली की सोफा असाच मुका होतो.

लेक : खरंच की. म्हणजे बाजूच्या फळ्यांना हात लावायचाच नाही. त्यांना नाचू द्यायचं. मग तो नाकातला स्वर येतो कुठून? बाई, तोच स्वर वाजवा, नुसता तोच. वाजवत राहा. बाजूला नाही. वर नाही. बाबा, पाठीला हात लावा, मधोमध.

बाबा : इथं फडफडतोय तो! बरोबर स्पीकरच्या पाठीमागं.

लेक : म्हणजे घोडं इथं पेंड खातंय! आवाज सरळ मागं जातो, पाठीवर आपटतो आणि तसाच उलटा येऊन कागदातून बाहेर पडतो. आपलाच आवाज आपल्याला आडवा येतोय. फक्त तेवढ्या जागेला काहीतरी हवं, बाबा. स्पीकरच्या मागं, एवढ्या ताटाएवढं. बाजूंचा फोम काढून टाका, बाकी सगळं उघडं.

बाबा : फोम लावू?

लेक : फोम जाड पडेल. दाट हवं, पण पातळ.

बाबा : नमदा आहे माझ्याकडं. लोकरीचा. स्प्रिंगा वर टोचू नयेत म्हणून घालतो तो. वरच्या फळीवर आहे, गुंडाळी. तूच काढ, माझा गुडघा स्टुलावर चढू देणार नाही.

लेक : हा? अरे, हा तर मस्तच आहे! द्या इकडं, गोंद लावून चिकटवते.

बाबा : गोंद नको. वाळला की नमदा पापडासारखा कडक होतो, मग त्याचा उपयोग काय? तो मधून बाहेर ताणत न्यायचा आणि कडेनं ठोकायचा. जास्त ताणलास तर ढोलासारखा वाजेल, सैल ठेवलास तर फडफडेल. हात बघ माझे. असा. पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतो ना, तसा.

लेक : स्टेपल मारायचा टॅकर माझ्याकडं द्या. तुम्ही धरा, मी ठोकते.

बाबा : ठोक. इथं. आता इथं. तिरका नको. शाब्बास.

लेक : बाबा, मघाशी मी जे बोलले ना...

बाबा : टॅकर सरळ धर.

लेक : मला भीती वाटली होती. ही परत गेली असती तर पुन्हा कुठल्यातरी ऑफिसात हेडफोन लावून बसले असते, दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकत. मला इथंच राहायचंय, बाबा. ह्या भुशात.

बाबा : माहीत आहे मला. म्हणून तर भरली ना गं एवढी. आता पाठ लाव.

बाई : लावली? सगळे स्क्रू? सरका दोघंही. आणि आता कुणी बोलायचं नाही.

(बाई वाजवतात. आधी तोच एक हट्टी स्वर, जपून. तो सरळ, स्वच्छ येतो. मग दुसरा, मग चार एकदम, आणि मग बाई मान खाली घालून अशा सुटतात की फळीवरचे खिळ्यांचे डबे वाजू लागतात. समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी गळ्यातल्या टॉवेलसकट दारात येऊन उभं राहतं, आणि त्याच्या मागं वस्तरा घेऊन न्हावी.)

लेक : बाई? काहीतरी बोला. जीव टांगणीला लागलाय.

बाई : थांब गं. इतक्या वर्षांनी मला माझी बोटं ऐकू येतायत.

बाबा : म्हणजे चांगलं का?

बाई : सोफेवाले, हळू वाजवलं की कानाशी येऊन बोलते. जोरात वाजवलं की भिंत ढकलते. आणि चिडत नाही, रडत नाही. मी ही इथं ठेवून जाणार नाही. रिक्षा बोलवा, माझ्याबरोबरच नेते. उद्याच्या मैफलीला हीच.

लेक : ठेवलीत? नक्की? उद्या सकाळी परत येणार नाही ना?

बाई : परत मागायला आलीस तर दार उघडणार नाही.

लेक : बाबा! बाबा, ठेवली!

बाबा : अगं सोड, गुडघा! बघा हो, न्हावीदादा, ही माझी लेक. हिनं केली ही पेटी! कापलीसुद्धा हिनंच, जोडलीसुद्धा हिनंच. आत या, हात लावून बघा. दाढी होईल हो त्याची, पळून जात नाही!

लेक : बाबा, तुम्ही रडताय.

बाबा : आनंदानं रडतोय, रडू दे. दोन पेट्या परत आल्या तेव्हा नाही रडलो मी तुझ्यासमोर, आज तरी रडू दे की.

बाई : आमच्यातल्या दुसऱ्या गिटारवाल्यालाही एक हवी आहे. उद्या ही ऐकली की तो मला झोपू द्यायचा नाही. कधीपर्यंत होईल? सांगा, सोफेवाले.

बाबा : मला काय विचारता, बाई? दुकान हिचं. मी नुसता नमदा धरतो, आणि तोही हिला विचारून.