बोंबलाचं तिसरं इंजेक्शन

अक्षता : आई, भीमराजकाकांचा परत फोन होता. चंपाआत्या अजून बाहेरच बसल्यात म्हणे.

सुगंधा : हळू बोल गं. पायरीवर?

अक्षता : आता खुर्चीवर. काकांनीच त्यांच्या घरातली आणून दिली. बघा ना दाराच्या भिंगातून. हातात कप पण आहे.

सुगंधा : वाट लागली. माझी सख्खी नणंद माझ्या दाराबाहेर बसून समोरच्यांचा चहा पिते. भीमराजभाऊ काय म्हणतील, यांच्याकडे पाहुण्याला चहासुद्धा मिळत नाही?

अक्षता : मग उघडा ना दार. फोनवर तुम्ही आत्यांना सांगितलं तरी काय होतंत?

सुगंधा : काय सांगणार? आमच्या सिद्धेशने कुत्र्याचं पिल्लू आणलंय, त्याची इंजेक्शनं पुरी होईपर्यंत बाहेरचं माणूस घरात चालत नाही. तुझी ती डॉक्टरच म्हणाली ना.

अक्षता : शीतल मॅडम म्हणाल्या, बोंबलाला खाली रस्त्यावर सोडू नका आणि बाहेरच्या चपला घरात आणू नका. पिल्लांच्या रोगाचे जंतू चपलांना चिकटून येतात म्हणून. माणसं नकोत असं कुठे म्हणाल्या?

सुगंधा : माणसं काय उडत येतात? चपला घालूनच येतात.

अक्षता : परवा भिशीच्या नऊ बायका आल्या होत्या आपल्याकडे.

सुगंधा : त्या घरातल्याच.

अक्षता : आई...

सुगंधा : आई काय? गेल्या वर्षी चार दिवस म्हणून आल्या नि महिना काढला. माझे मसाल्याचे डबे इकडचे तिकडे केले. आणि तुझ्या आईसमोर काय बोलल्या? सुगंधाचं माशाचं सार म्हणजे हात धुवायचं पाणी. एवढी वर्षं त्याच हाताने या घराला जेवू घालते मी.

अक्षता : पण तिसरं इंजेक्शन रविवारी आहे. त्यानंतर काय सांगणार?

सुगंधा : मग संपली सगळी?

अक्षता : रेबीजचं राहील. पुढे मोठा झाला की दरवर्षी परत द्यायची.

सुगंधा : दरवर्षी? मोठ्या कुत्र्याला पण?

अक्षता : हो, नाहीतर पहिल्याचा जोर उतरतो.

सुगंधा : मे महिन्यात घेता येतील का? वन्सं मेमध्येच येतात.

अक्षता : मी दार उघडतेय.

(दार उघडतं. आतल्या खोलीतून पिल्लाची कुईकुई.)

चंपा : थांब, थांब. आतच रव. पिल्लाक बाहेरची हवा नको.

सुगंधा : अगं बाई, वन्सं! बेल तरी वाजवायची.

चंपा : बेल कित्याक? पिल्लू जागा झाला असता. मी बरी आसंय हयसर. तुझा बोलणा माझ्या ध्यानात आसा. येणाऱ्या-जाणाऱ्याक पण समजावून सांगलंय.

सुगंधा : काय सांगितलंत?

चंपा : वरच्या माळ्यावरची सुनंदा विचारी होती, बाहेर कित्याक बसलंस? मी म्हटलंय, माझी भावजय कुत्र्याचा बाळंतपण काढता, आत सोवळा आसा.

सुगंधा : सुनंदाला? म्हणजे संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनला पण कळलं.

चंपा : तेका मी आधीच सांगलंय. तेना बॅग वर आणून दिल्यान.

अक्षता : आत्या, या ना आत. चपला बाहेर काढा नि हातपाय धुवा, बास.

चंपा : नको गो बाय. मी तर तुमच्यासाठी दवाखान्यात जावन इलंय. म्हटला, इंजेक्शनाबिगर घरात घेणत नाय, तर मीच टोचून घेतंय. नर्स विचारता, कुत्रो खंय चावलो? मी म्हटलंय, अजून चावलो नाय, भावाच्या घराक जावचा आसा.

अक्षता : मग?

चंपा : मगे तिना दुसऱ्या नर्सक बोलवल्यान नि दोघी हसूक लागल्यो.

सुगंधा : अहो, ती इंजेक्शनं पिल्लाला द्यायची असतात.

चंपा : ता माका थयच समजला.

सुगंधा : चला, उठा आता. अख्खी बिल्डिंग बघते.

चंपा : बिल्डिंग बघता म्हणान बोलावतंस? मगे मी येवचंय नाय.

अक्षता : आत्या, खरंच तसं काही नाही. आजारी कुत्र्याला हात लावून आलेला माणूस सोडला, तर बाकी सगळे चालतात.

चंपा : आजारी म्हणजे कसलो?

अक्षता : उलट्या, जुलाब, रक्त पडणं, असलं.

चंपा : अक्षता, दार लाव.

अक्षता : का?

चंपा : लाव आधी. फट ठेव बोलण्यापुरती. आणि पिल्लाक तिकडेच कोंडून घाल.

सुगंधा : आता हे काय नवीन?

चंपा : आमच्या गल्लीत एक पिल्लू होता. रक्ताचा हगी होता. चमच्यान पेज घातलंय तेका, पुसलंय, फडक्यात गुंडाळलंय. गेला ता. आणि माझ्या पायात ह्याच चपला.

सुगंधा : तुम्ही? सिद्धेशने बोंबील आणला तेव्हा फोनवर तर नाक मुरडत होतात. कुत्री कसली घरात घेता म्हणून.

चंपा : तेची आवस नाय, पोरका ता. माझ्या दारात येवन पडला. काय करतलंय? आणि तेंका इंजेक्शना असतत, ह्या माका खंय माहीत? तू फोनार सांगलंस तेव्हा समजला. तवसर उशीर झालो.

अक्षता : थांबा, मी मॅडमना विचारते... हॅलो, मॅडम, बोंबलाच्या घरून बोलतेय, नाहूरहून. दोन झालीत त्याची... हो... नाही, आत नाही आल्या, दारातच आहेत... बरं. ब्लीच आहे घरात. थँक्यू.

सुगंधा : काय म्हणाली?

अक्षता : दोन झाली असली तरी तिसरं होईपर्यंत जपायचं. आत्यांनी आत यायच्या आधी आंघोळ करायची, कपडे बदलायचे. चपला ब्लीचच्या पाण्यात बुडवायच्या, बॅग बाहेरच. आणि तूर्तास बोंबील आतल्या खोलीत. तरीपण खाणं सोडलं, उलटी केली, तर लगेच घेऊन या म्हणाल्या.

चंपा : म्हणजे तू खोटा सांगलंस, ता खरा निघाला.

सुगंधा : खोटं? मी कशाला खोटं...

चंपा : भिशीचो फोटो तूच टाकलंस गो ग्रुपार. नऊ बायको नि मधी पिल्लू.

अक्षता : मी जरा ब्लीच शोधते.

सुगंधा : कुठे पळतेस? उभी राहा इथेच. भीमराजभाऊंना विचार, त्यांच्या बाथरूममध्ये आंघोळ चालेल का. घरात कुत्रं नाही ना त्यांच्या?

अक्षता : मांजर पण नाही. ते दारातच उभे आहेत, सगळं ऐकतायत. गीझर लावतो म्हणाले.

सुगंधा : आणि माझ्या कपाटातली निळी साडी काढ.

अक्षता : निळी? तिला तर तुम्ही मला हात लावू देत नाही.

सुगंधा : काढ म्हटलं ना.

चंपा : तुझी साडी माका आखूड जायत.

सुगंधा : मग आखूड नेसा. घरातच बसायचंय. बॅगेतलं काही लागणार आहे का आत्ता?

चंपा : नाय. थेंबांची बाटली तेवढी व्हयी.

सुगंधा : कसले थेंब?

चंपा : डोळ्याचे. बुधवारी मुलुंडाक मोतीबिंदूचा ऑपरेशन आसा. आदीपासून घालूचे असतत.

सुगंधा : बुधवारी? आणि तुमचा नितेश?

चंपा : तेका सुट्टी नाय. पुण्यासून खंय येतलो? म्हटला, नाहूर जवळ पडता.

सुगंधा : मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

चंपा : तू पिल्लाचा सांगी होतंस. मी ऐकून घेतलंय.

अक्षता : द्या ती बाटली, मी पुसून घेते. आई, साडी ही घ्या.

सुगंधा : दे त्यांच्याकडे. लांबून दे.

चंपा : डॉक्टरान म्हटल्यान, वाकाचा नाय, जड उचलूचा नाय. नि बरेच दिवस चुलीकडे जावचा नाय.

सुगंधा : देवच पावला.

चंपा : माका ऐकूक येता हां. डोळ्याचा ऑपरेशन आसा, कानाचा नाय.

सुगंधा : ऐकू यावं म्हणूनच बोलले. थेंब कितीदा घालायचे?

चंपा : आता चार येळा. ऑपरेशन झाल्यावर जास्त. रात्री झोपताना नि पहाटे पण. तू कशाक उठतंस? सिद्धेशाक सांग.

सुगंधा : सिद्धेशच्या हाताला नेम नाही, गालावर घालील. मी घालीन. जा आता, पाणी तापलं असेल.