राजदूताची रजा

हसायचं असेल तर शेवटी हसा. आमचा शंकर, सातपूरच्या कारखान्यात चोवीस वर्षं लेथ मशीनवर. यंदा कामगारांच्या नाटकात त्याला झारच्या काळातल्या रशियन राजदूताचं काम मिळालं. खानदानी उमराव! दिग्दर्शकानं बजावलं, "राजाला पाठ दाखवायची नाही. खलिता द्यायचा, तीनदा झुकायचं आणि उलट्या पावलांनी बाहेर पडायचं."

तेव्हापासून शंकर जमिनीवर नव्हताच. स्टॉपवर उभा, पण नजर लांब कुठंतरी बर्फात.

"अरे, बस गेली तुझी!"

"जाऊ दे. बग्गी येईल."

नेमकी प्रयोगाच्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट आली. रजेचा अर्ज घेऊन तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. आम्ही काचेतून बघतोय. त्यानं दोन्ही हातांनी अर्ज पुढं केला, तीनदा झुकला आणि तसाच, तेलकट कपड्यांत, उलट्या पावलांनी सावकाश दारापर्यंत आला. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मी विचारलं, "मिळाली का रजा?"

"ते विचारायचंच राहिलं रे," तो म्हणाला. "पण साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा."