वामीचं घर

पंच्याऐंशीच्या आसपास मी अहेरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो न, तवाची गोष्ट. प्रदर्शनासाठी काचेच्या टाकीत जिवंत वाम मासोळी ठेवली. तळाशी रेती टाकलीच नाही. रेतीनं घाण होते, असं पुस्तकात होतं. वाम आपली सारखी काचेवर तोंड आपटे.

बाजारात मासे विकणारी सखूबाई पाहाले आली. "काऊन जी गुरुजी, तिले लपाले जागा नाई?" म्हणत तिनं नदीची रेती आणली, तांदळासारखी धुतली अन् टाकीत पसरली. वाम रेतीत गडप! तेवढ्यात तपासणीचे साहेब आले.

"टाकी रिकामीच?"

"घरी हाय जी. बलावू?" सखूबाईनं गांडूळ सोडलं. रेतीतून टोकदार नाक वर आलं.

"वा! विज्ञानाचे शिक्षक कोण?"

मी सखूबाईकडं बोट दाखवलं.