मळ्यातल्या रतनबाई

शुभांगी : हर्षलराव, मी आपला हिशोब मांडते, चुकला तर सांग. कोल्हारच्या डेअरीत आपलं दूध मोजायचं मशीन नीट चाललं असतं, तर त्या कामाचा चार्ज प्रज्ञाला मिळाला असता. कारण मशीनचा कर्नल, बाकीचे प्रोग्राम सांभाळणारा मूळ प्रोग्राम, तिचा. ती घसरली की चार्ज तुला. बरोबर?

हर्षल : चहा तरी पिऊ दे. फॅट चुकीचं दाखवलं तिच्या प्रोग्रामनं. आसारामसरांनी काल मला चार्ज दिला. मी मागायला गेलो नव्हतो.

शुभांगी : मागितला न्हाईस. नुसता जवळ उभा राहिलास. आमच्या घोडेगावच्या बाजारात दलाल असाच उभा राहतो, म्हशीकडं न बघता.

हर्षल : मुद्द्याचं बोल.

शुभांगी : मशीन परत आलंय. तपासायला मीच उघडलं. मेमरीचं संरक्षण बंद आहे.

हर्षल : असेल. तीच विसरली असेल.

शुभांगी : व्हय का? ती तर त्याच्यावरच जगते. कर्नल प्रत्येक प्रोग्रामला मेमरीत वावर आखून देतो. तुझा पावतीचा प्रोग्राम तुझ्या वावरात, शेजारी तिचा फॅटचा. कुणी बांध कोरला की कर्नल त्याला जागच्या जागी थांबवतो आणि पडद्यावर त्याचं नाव लावतो.

हर्षल : माझंच नाव लावायचा! मशीनच्या तालमीत सरांसमोर लाल अक्षरांत, 'पावती बंद'. सर हसले. तिचा चेहरा बघितला होतास?

शुभांगी : बघितला. ती म्हणाली, 'पावतीवरचं नाव लांब झालं की तुझा प्रोग्राम वावराबाहेर जातोय, दुरुस्त कर.'

हर्षल : सगळ्यांसमोर म्हणाली. आम्ही एकाच दिवशी इथं लागलो, शुभांगी. तिला सर 'प्रज्ञाताई' म्हणतात, मला 'ए हर्षल'. तिचं लग्न ठरलं तर पेढे, मी सुट्टी मागितली तर भाषण.

शुभांगी : म्हणून बांधच काढून टाकलास.

हर्षल : ...त्या बांधाशिवायही मशीन चालतं, एवढंच दाखवायचं होतं. आणि चाललं की! पावत्या धडाधड निघाल्या.

शुभांगी : निघाल्या. आता इथं बस. मशीनला दूध लावून ठेवलंय. नाव टाक, रतनबाई, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

(हर्षल टाइप करतो.)

हर्षल : फॅट चार पॉइंट दोन. बरोबर तर आहे.

शुभांगी : पुढं लिही, 'मळ्यातल्या'.

हर्षल : हे कशाला?

शुभांगी : तिथं दोन रतनबाई हायेत, सख्ख्या चुलत जावा. एक वेशीजवळच्या, एक मळ्यातल्या. नवऱ्यांची नावंही सारखी. डेअरीचे सचिव पूर्ण नाव लिहून पुढं तेवढं जोडतात, गावात तसंच चालतं. लिही.

हर्षल : ...एक पॉइंट एक.

शुभांगी : दूध तेच.

हर्षल : नावाची शेपटी तिच्या फॅटच्या आकड्यावर पडली.

शुभांगी : आणि डेअरीत, सगळ्या रांगेसमोर सचिव म्हणाले, 'रतनबाई, पाणी कितीक घातलं?' दूध परत दिलं. लोक हसले. तू तिथंच होतास ना?

हर्षल : मी मोबाईलवर पावत्यांचे फोटो काढत होतो. प्रज्ञाला कळलंय हे?

शुभांगी : माझ्या आधी. तरी सरांना म्हणाली, 'कर्नल माझा. निघताना मीच तपासायला हवं होतं.' तुझं नाव घेतलं न्हाई.

हर्षल : म्हणजे मोठेपणाही तिलाच.

शुभांगी : बघ, अजून जळतोयस!

हर्षल : ...हो. जळतोय. चल, सरांकडं. सांगतो, मी काढलं. चार्ज तिला जाऊ दे.

शुभांगी : सांग. तुमच्या दोघांचा हिशोब तेवढ्यानं मिटेल.

हर्षल : रतनबाईंनाही भेटतो. गावात सांगायला लावू, मशीन चुकलं होतं म्हणून.

शुभांगी : सचिवांनी कालच सांगितलंय. डेअरीच्या स्पीकरवरून, नाव घेऊन.

हर्षल : मग झालं की.

शुभांगी : आज सकाळी मी तिथं आपल्या तारा काढत होते. रतनबाई आल्या. किटलीचं झाकण आधीच उघडलेलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी रांगेतल्या एकेकाला दूध दाखवत आत गेल्या.