गुलाबी होईपर्यंत

मंडळी, आख्यान लावण्याआधी एक विचारतो. दहा शिष्य एका गुरूकडे गेले तर गुरू दहाही जणांना एकच साधना देतो का? नाही देत. ज्याचा जसा अधिकार, तसं साधन! मग मला सांगा, शेजारणीला मानवलं ते आपल्या लेकीला मानवेल, हे तुम्हांला कोणत्या गुरूनं सांगितलं?

पेटीवाले, हसू नका. तुमच्याही घरात हेच चालतं.

ऐका. विजयाबाई म्हणून एक माउली. तिची एकुलती एक लेक स्नेहल, सावळी, तरतरीत. स्थळ आलं, मुलानं बघितली, हो म्हणाला. पंधरा दिवसांवर साखरपुडा! आता या बाईनं काय करावं? देवापुढे साखर ठेवावी आणि गप्प बसावं. पण गप्प बसेल ती आई कसली! तिच्या मनानं घेतलं, पोरगी जरा उजळली पाहिजे. अहो, मुलानं पसंत केली ना? तरी हिचं समाधान नाही. काय म्हणावं या बाईला!

शेजारच्या सिंधूताई गोऱ्यापान. त्यांनी मोबाइलवरून पीलची बाटली मागवली होती. ॲसिड असतं ते, वरची मेलेली कातडी काढतं. म्हणाल्या, "विजयाताई, सोप्पं आहे. लावायचं, चेहरा गुलाबी झाला की धुवायचं."

स्नेहल आदल्याच दिवशी पार्लरात थ्रेडिंगनं भुवया आणि वरचा ओठ करून आलेली. विजयाबाईंनी तिला खुर्चीत बसवली, कापसानं पील लावलं आणि समोर बसल्या गुलाबीची वाट बघत. एक मिनिट झालं, दोन झाली. गुलाबी काही येईना.

"आई, आग होतेय गं."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. थांब जरा."

पाच मिनिटं झाली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी, आणि आई दिव्याखाली हनुवटी धरून बघतेय, लाली आली का! अहो, सावळ्या कातडीवर लाली दिसेल कशी? पोरगी तोंडानं सांगत होती, ते हिच्या कानात शिरेना. दहाव्या मिनिटाला स्नेहल स्वतःच उठली आणि नळाखाली तोंड धरलं.

तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या. आठवड्यानं गालांवर, वरच्या ओठावर काळे डाग. पदरानं डोळे पुसत विजयाबाई लेकीला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई चिडल्याच. "लाली काय बघत बसलात? ती आग म्हणत होती तेव्हाच धुवायचं. सावळ्या कातडीला इजा झाली की ती जास्त रंग धरते, डाग राहतात. त्यात ताज्या थ्रेडिंगवर ॲसिड लावलंत!"

"मग काय लावायला हवं होतं?"

"काहीच नाही लावलं तरी चाललं असतं. लावायचंच तर विचारून, सौम्य. लॅक्टिक किंवा मँडेलिक ॲसिड, कमी टक्क्याचं. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक. आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस बघायचं. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन, रोज. आता साधं मलम, सनस्क्रीन आणि धीर. चार-सहा महिने लागतील."

घरी आल्या आल्या विजयाबाईंनी फोन उचलला. "मी मुलाकडच्यांना सांगते, साखरपुडा पुढे ढकला. अशा तोंडानं तुला कशी उभी करू?"

स्नेहलनं फोन हातातून काढून घेतला. आवाज चढवला नाही हो तिनं. म्हणाली, "आई, त्यानं मला एका भेटीत पसंत केलं. तुला सव्वीस वर्षं झाली. तू कधी करणार?"

मंडळी, ॲसिडाची आग पोरीनं दहा मिनिटं सोसली. ही नापसंतीची आग मात्र ती लहानपणापासून सोसत होती, आणि लावणारी आईच होती.

साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला, डागांसकट. मुलगा एवढंच म्हणाला, "उन्हात उभी राहू नकोस, आग होईल, इकडे सावलीला ये." परक्याच्या पोराला कळलं ते!

आता माना काय हलवताय? विजयाबाईंना हसायला सगळे पुढे! हात वर करा, कोणी आपल्या लेकीला "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" असं कधीच म्हटलं नाही? एकही हात वर नाही. मग कीर्तन इथंच थांबवतो. आरती होईल, प्रसाद मिळेल, पण आधी प्रत्येकानं आपली लेक कुठं बसलीय ते बघा, आणि तिच्याजवळ जाऊन बसा.